केशवाहिनीतली पंगत

सासुरवाडीत जावयानं दोन दिवस गप्प बसावं, एवढी साधी साधना गिरिधर सरांना कधी साधली नाही. घनसावंगीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. सासरे रखमाजी गावच्या सप्ताहाचे पंच. काल्याची पंगत तीस वर्षं त्यांच्याच हाती. गेल्या साली दुपारची पंगत दिवेलागणीला उठली आणि यंदा सप्ताहाच्या तोंडावर सरांना कंठ फुटला.

"मामा, औंदा पंगत माझ्याकडं द्या. दोन तासांत गाव जेवून मोकळं!"

"अन् न्हाई झालं तर?"

"तर पुन्हा सप्त्यात तोंड उघडणार न्हाई."

एवढा लाभ दिसल्यावर रखमाजी कशाला नाही म्हणतात?

काल्याच्या सकाळी सरांनी वाढप्यांना मांडवात उभं केलं. "शरीरात सगळ्यात बारीक नळी केशवाहिनी. केसाहून बारीक! लालपेशी तिच्यातून एकामागं एक, अंग चोरून जातात. रक्त तिथं प्राणवायू देतं आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन परततं. एकाच फेरीत दोन्ही कामं. तुम्ही लालपेशी, बुंदी म्हणजे प्राणवायू."

"अन् ते दुसरं?" कडूबानं विचारलं. सव्वाशे किलोचा हा भला माणूस वीस वर्षं बुंदीची बादली सांभाळत होता.

"पत्रावळ. परतताना हात रिकामा दिसायला नको. अन् थांबायचं न्हाई. लालपेशी थांबते का कधी?"

कडूबानं मान डोलावली. त्याच्या ओळखीची एकही लालपेशी थांबलेली नव्हती.

काल्याचं कीर्तन असं रंगलं, की दगडाला पाझर फुटावा. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि एकमेकांना भरवल्या, हे महाराज सांगत होते तेव्हा अख्खा मांडव डोळे पुसत होता. सर तेवढे टेप घेऊन दोन रांगांतलं अंतर मोजत होते. एक फूट. बरोबर केशवाहिनी!

पंगत बसली. भाजी-पुरी आधीच वाढलेली होती. कडूबा बादली घेऊन वाहिनीत शिरला आणि दहाव्या पानाशी रुतला. मागून वरणवाला आदळला, त्याच्यामागून भातवाला.

"अंग चोर, कडूबा! लालपेशी वाकून जाते!"

"सर, तिला पोट न्हाई, मला हाये!"

मागं अडकलेल्या भातवाल्याला एकच गोष्ट पक्की आठवत होती: हात रिकामा नको. त्यानं शेजारची पत्रावळ उचलली. ती रखमाजींची होती आणि त्यांचा घास हातातच होता.

पंगत उठायच्या आधी माणसाचं पान उचलणं म्हणजे त्याला हाताला धरून उठवणं. रखमाजी उठले. आता पंच उठल्यावर खाली कोण बसतंय? तीनशे माणसं अर्ध्यापोटी उभी राहिली.

"जावईबापू," रखमाजी शांतपणे म्हणाले, "तुमच्या त्या केशवाहिन्या अशा तुंबल्या तर माणूस किती दिवस जगतो?"

तेवढ्यात सासूबाई चतुराबाई पदर खोचून पुढं आल्या. "बसा समदे खाली! कीर्तन कानानं ऐकलं का पाठीनं?" कडूबाला चौघांनी ओढून काढलं. चतुराबाईंनी बादली रांगेच्या तोंडाशी ठेवली. "घ्या अन् पुढं सरकवा. जिथं जास्त हाये तिथून कमीकडं. कोन्ही उठायचं न्हाई."

बादल्या हातोहात सरकू लागल्या. दोन तासांत गाव जेवलं, वर बुंदी उरली.

"मामी, हेच ते विसरण!" सर आनंदानं ओरडले. "केशवाहिनीत वायू असाच जातो, जास्तीकडून कमीकडं!"

"मंग सकाळी हेच सांगायचं की! त्या गरीब कडूबाला कशाला कोंबलं?"

"अन् जावईबापू," रखमाजी म्हणाले, "ही पंगत चतुराबाईची झाली. तुमचा शब्द ध्यानात हाये ना?"

सरांनी ओठ मिटले.

सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. चतुराबाईंनी त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली, मायेनं बुंदीचा डोंगर केला. सरांनी हात जोडले, डोळे मिटले, पंगतीचा श्लोक मनातल्या मनात म्हटला. डोळे उघडले तर पुढं नुसती सतरंजी.

लांब कडूबा निघाला होता. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात सरांचं पान.

सरांनी ओरडायला तोंड उघडलं. समोर रखमाजी विड्याचं पान लावत बसले होते. त्यांनी नुसतं बोट वर केलं.

सरांनी तोंड मिटलं.