ओट्यावरची इंग्रजी पाटी

सर्वेशची खोड एकच, पण ती पुष्पावतीबाईंना दहा खोडींच्या जागी होती. समोर एखादी बाई ओझं बांधून तयार उभी आहे, "हात लाव रे" म्हणतेय, आणि हा तिच्यापुढे हाताची घडी घालून उभा! वर तोंडावर असं हसू, की तिला जणू बक्षीस देतोय. पुष्पावतीबाईंच्या सासरी आळशी होऊन गेले, तापट होऊन गेले, एक जण तर जेवताजेवता पाटावरच झोपायचा. पण हात मागितल्यावर घडी घालणारा हल्लीच्या पिढीत हा एकच निपजला.

जव्हारला एसटी स्टँडच्या खालच्या अंगाला पुष्पावतीबाईंचं किराणा दुकान, आणि दुकानापुढे कमरेएवढा दगडी ओटा. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बाया या ओट्यावर बोचकी टेकवत, पाणी पीत, मीठ-मिरची घेत आणि निघताना ज्याचे हात मोकळे असतील त्याला म्हणत, "हात लाव." डोक्यावरचं ओझं असं असतं, की वाहायला एक माणूस पुरतो, पण चढवायला दोन लागतात. त्यात ओळख लागत नाही, आभार लागत नाहीत. मास्तर असो की कंडक्टर, शेजारी असेल त्यानं हात लावायचा आणि आपल्या वाटेनं जायचं. चाळीस वर्षं पुष्पावतीबाईंनी गादीवरून उठून, पदर खोचून, एकेकीला हात लावला होता. बाईंचा हात लागला की ओझं हलकं होतं, अशी ख्याती पार खोडाळ्यापर्यंत गेली होती. निदान पुष्पावतीबाई तसं सांगत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि ते काम सर्वेशकडे आलं.

सर्वेश हा थोरल्या मुलाचा मुलगा. अंगानं बाभळीच्या खुंटासारखा. मे महिन्यात तो ठाण्याला तीन दिवसांच्या शिबिराला गेला. कसलं शिबिर, तर माणूस स्वतःच्या बळावर कसा मोठा होतो ते शिकवण्याचं. जाताना चप्पल घालून गेला, येताना घोट्यापर्यंतचे कातडी बूट घालून आला, आणि बगलेत गुंडाळलेला फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाटी झळकली. वर इंग्रजीत होतं, पुल युवरसेल्फ अप बाय युवर बूटस्ट्रॅप्स. खाली त्यानंच केलेलं मराठी: 'आपल्याच बुटाचे पट्टे धरा, ओढा आणि वर या.'

पुष्पावतीबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी मराठी ओळ बोट फिरवत दोनदा वाचली आणि विचारलं, वर म्हणजे कुठं? सर्वेश म्हणाला, आयुष्यात. आयुष्यात वर म्हणजे कुठं, हे त्यांच्या वयाला वेगळं ऐकू येत होतं.

पाटीचा पहिला परिणाम असा झाला, की काळ्या नावाचा एक म्हातारा येऊन लावणीसाठी नऊ नंबरचे गमबूट मागू लागला. सर्वेशनं त्याला बसवून अर्धा तास स्वावलंबन समजावलं. काळ्यानं सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बरा. मग आठ नंबर हाय का?"

इथवर ठीक होतं. पण पुढच्या बाजाराला सर्वेशनं हात लावणंच बंद केलं. आपण या लोकांना पांगळं करतोय, म्हणाला. आणि नियमाची सुरुवात कुणापासून केली, तर नवशीपासून. नवशी पुष्पावतीबाईंच्याच वयाची, जन्मभर मोळ्या वाहिलेली. तिला हा सांगू लागला, गुडघ्यात वाक, पाठ सरळ ठेव, श्वास घे आणि मनाशी म्हण, मी करू शकते. बेडकाला पोहायचा क्लास लावावा तसं ते दिसत होतं. नवशीनं त्याच्याकडे बघितलं, बोचक्याकडे बघितलं आणि रस्त्यापलीकडे हाक मारली.

रस्त्यापलीकडे हेमंतचं किराणा दुकान. हेमंत म्हणजे उदबत्तीला शर्ट घातल्यासारखा माणूस. पण तो दोन्ही हात पुढे करून धावत आला.

पुढच्या बाजाराला बायांनी बोचकी टेकवली ती थेट हेमंतकडे. त्याला ओटाही नव्हता, प्लास्टिकची दोन स्टुलं होती. आणि दिवस कुठले, तर आगोटीचे! पावसाच्या चार महिन्यांचं मीठ, मिरची, कांदे, डाळी याच दिवसांत घराघरांत भरून ठेवतात. आगोटीचे बाजार चांगले गेले तर दुकान वर्षभर उभं, नाहीतर वर्षभर माश्या. पुष्पावतीबाई गादीवर बसून मिठाच्या गोण्यांकडे बघत होत्या, गोण्या त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटचा एक बाजार उरला होता.

त्यांनी सर्वेशला फैलावर घेतलं. पण त्यानं शांतपणे विचारलं, "आजी, तूच सांगतेस ना, बळवंत आजोबांनी बोटसुद्धा लावलं नाही, मी एकटीनं दुकान उभं केलं? मग या बायांना का नाही जमणार?"

पुष्पावतीबाई तसं सांगत, हे खरंच होतं. दर दिवाळीला सांगत, लग्नाकार्यात सांगत, जनगणनेवाल्यालाही त्यांनी चहा पाजून सांगितलं होतं. नवरा गेला तेव्हा पदरात तीन पोरं, आणि दीर बळवंत, नावात एवढं बळ, तो ओट्यावर नुसता बसून राहिला. मी एकटीनं उभं केलं.

अडल्यावर त्यांनी शलाकाला फोन लावला. शलाका सर्वेशची थोरली बहीण, नाशिकला कॉलेजात इंग्रजी शिकवते. पाटीवरचं वाक्य ऐकून ती इतका वेळ हसत राहिली, की पुष्पावतीबाईंना फोन बिघडला वाटलं. मग तिनं सांगितलं, की हे वाक्य अमेरिकेतलं, दोनशे वर्षं होत आली त्याला. बुटात पाय घालताना ओढायला मागे कातड्याची कडी असते. आता आपणच बुटात उभं राहून ती कडी कितीही ओढली, तरी माणूस काही जमिनीवरून उचलला जात नाही. म्हणून एखादा अशक्य गोष्टीची फुशारकी मारू लागला, की लोक त्याची टर उडवायचे, हा बघा, हा आता स्वतःचेच बूट धरून कुंपणापलीकडे जाणार. पुढे हळूहळू लोक हसायचं विसरले आणि तेच वाक्य उपदेश म्हणून सांगू लागले.

"म्हणजे माझ्या ओट्यावर टिंगल टांगलीय," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"आणि त्याखाली आपलाच सर्वेश उभा आहे," शलाका म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी त्याला लगेच काही सांगितलं नाही. असली गोष्ट चार भिंतींत सांगून वाया घालवण्यातल्या त्या नव्हत्या.

शेवटचा बाजार उजाडला. खडेमीठ पुष्पावतीबाईंकडेच चांगलं मिळतं, म्हणून नवशी आणखी चौघींना घेऊन आली. वीस किलो मीठ, कांदे, डाळ, आणि वर तेलाचा डबा, असं बोचकं तिनं बांधलं. सर्वेश याचीच वाट बघत होता. त्यानं बाही वर केली आणि जाहीर केलं, की हे बोचकं तो कुणाचाही हात न लागता डोक्यावर घेऊन दाखवणार. बाया ओट्यावर ओळीनं बसल्या. पलीकडून हेमंतही गिऱ्हाईक सोडून आला.

सर्वेशनं बोचकं ओट्याच्या कडेला सरकवलं, ओट्याकडे पाठ करून रस्त्यावर गुडघे टेकले, डोकं खाली घातलं, बोचकं ओढून घेतलं आणि थरथरत उभा राहिला. बाया एका सुरात "वा" म्हणाल्या. पहिला हात ओट्यानंच दिला, हे पुष्पावतीबाईंनी टिपून ठेवलं, पण बोलल्या नाहीत.

उभं राहिल्यावर सर्वेशच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी शिबिरात सांगितली नव्हती. चढवलेलं ओझं उतरवायलाही दुसरा माणूस लागतो. वाकावं तर डबा जाणार. खांदा कलवावा तर मीठ मानेवर येणार. ओटा मागे होता आणि मागे बघायला मान वळत नव्हती. त्यात नव्या बुटांचे गुळगुळीत तळ उताराच्या रस्त्यावर सरकू लागले आणि तो इंचाइंचानं ओट्यापासून लांब चालला. डब्याच्या झाकणाखालून तेलाची एक धार निघाली, कानामागून उतरली आणि कॉलरीत शिरली. पुसायला हात मोकळा नव्हता.

एवढ्यात स्टँडमधून एसटी आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद करून दारावर कोपर टेकून बसला. कंडक्टर सवयीनं हात पुढे करतच खाली उतरला. नवशीनं त्याला बसल्या जागेवरून थांबवलं, "नको रं दादा. पाटी वाच त्याची. हात लावायचा नाय."

कंडक्टरनं पाटी वाचली आणि हाताची घडी घातली. हेमंतनं घातली. बायांनी घातली. बघता बघता सगळा बाजार हाताची घडी घालून उभा राहिला, आणि मध्ये सर्वेश, कानामागून तेल गळणारा, मोठा होत होता.

तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनतो?" नवशीनं विचारलं.

"हात लावा ना कुणीतरी," सर्वेश म्हणाला.

एकदम बारा हात लागले. बोचकं ओट्यावर आलं, सर्वेशलाही दोघींनी धरून ओट्यावर आणला. एसटी गेली. मग पुष्पावतीबाईंनी घसा खाकरून शलाकाकडचा सगळा इतिहास बाजाराला ऐकवला, कुंपणासकट. बाया पोट धरून हसल्या. सर्वेश लाल झाला.

"ते अमेरिकेचं राहू दे," तो म्हणाला. "पण तू तर एकटीनं केलंस ना, आजी? मी लहानपणापासून ऐकतोय. मला वाटलं, तुझ्या नातवाला तेवढं तरी यावं."

पुष्पावतीबाई काही बोलणार, तोच नवशी म्हणाली, "एकटी? पहिल्या गोण्या आल्या तवा मी मोळी विकाया आलेली. मोळी टाकली रस्त्यात नि गोणीचा दुसरा कान धरला. आठ दिवस धरला. बळवंतशेट हितंच बसलेला, घडी घालून. मंग लोक इचारायचे, कुनी केला गं बाय? तर ही त्याच्याकडं बघून बोलायची, एकटीनं केला, गोन्या पायांनी चालत आल्या. नि सगळे हसायचे. हसायची गोष्ट व्हती ती, पोरा."

पुष्पावतीबाईंनी ओट्याच्या दगडावरून हात फिरवला. बळवंत जाऊनही आता वीस वर्षं झाली. त्याच्याबरोबर हसणारे गेले, गोण्यांचे पाय गेले, आणि 'एकटीनं' तेवढं राहिलं. आपण हसायचं नेमकं कोणत्या दिवाळीला सोडलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी नवशीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. नवशीनं तो घेतला.

मग गुडघ्यांवर हात ठेवून, नवशीच्या आधारानं, त्या उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"सर्वेश, शिडी आण आणि ती पाटी उतरव. एकट्यानं चढू नकोस, तेलकट बुटांनी पडशील. खालून शिडी मी धरते, नवशी धरेल. आणि यापुढे मी एकटीनं दुकान उभं केलं असं म्हणाले, तर हसत जा मेल्या. पाटीवर नको लावूस."