दाना ओलीतल्या दोन पाठींचा तपास

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," असं म्हणूनच महिपतराव बोलायला सुरुवात करत, आणि त्यांचं हे एवढं एक वाक्य आजवर कधी खोटं ठरलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे उत्तर हिंदुस्थानात खरे गुप्तहेर अडीच. एक ते स्वतः. दुसरा त्यांच्याच हाताखाली शिकून लाहोरकडे गेला तो. आणि उरलेला अर्धा म्हणजे झाशीचा एक फौजदार, ज्याला ते नुसता पत्ता सांगत आणि तो जाऊन अटक करी. ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखान्यात असताना पंजाचा ठसा बघून ते वाघाचं वय, वजन आणि त्याची सासुरवाडी कुठल्या जंगलात, हे सांगत. शिकारखान्यात ते कारकून होते आणि हाकाऱ्यांना चणे वाटत, ही माहिती लीलाताईंकडून मिळते. लीलाताई त्यांच्या पत्नी; त्यामुळे महिपतरावांच्या मते ती साक्ष कोर्टात टिकणारी नाही.

संस्थान विलीन झालं, शिकारखान्याला कुलूप लागलं, महिपतराव पेन्शनीत निघाले. सरकारजमा व्हायचं राहून गेलेलं एक भिंग तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. त्या भिंगातून ते ग्वाल्हेरच्या लश्कर भागाकडे पाहू लागले आणि लश्कर त्यांना बरंच मोठं दिसू लागलं.

छप्पन्न सालची ही गोष्ट. सगळा देश तेव्हा जोडाजोडीत गुंतला होता. मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळला ठरली, आणि तिच्यामागून कपाटं, खुर्च्या आणि कारकून मालगाडीच्या डब्यांसारखे रवाना झाले. सगळीकडे असं एकीकरण चाललेलं, आणि इकडे लश्करातल्या दाना ओली या गल्लीतली मारुतीची तालीम मात्र मधोमध भिंत मागत होती.

कारण होतं पाठीचं.

तालमीचे वस्ताद विश्वासराव थकले होते. गादी द्यायची तर त्यांच्या दोन पठ्ठ्यांपैकी एकाला, आणि त्या दोघांचं पाठीवरून जमत नव्हतं. जगदेवराव नाल उचलणारे. नाल म्हणजे मध्ये मूठ कोरलेला जाडजूड दगड. वाकून दोन्ही हातांनी धरायचा आणि कमरेपासून सरळ उभं राहायचं. जयसिंहराव दांड्याचे. दोन खांबांवर लोखंडी दांडा. त्याला लोंबकळायचं आणि हनुवटी दांड्याच्या वर येईस्तोवर स्वतःला ओढायचं.

"पाठ म्हणजे पाया," जगदेवराव म्हणत. "नाल उचलला की मांड्या, कंबर, कणा, मान, सगळं एका दोरीत येतं. माणूस जन्मभर करतो काय? खाली पडलेलं उचलतो."

"बैल पण तेच करतो," जयसिंहराव म्हणत. "दांड्यावर पाठ काखेपासून पसरते, दादासाहेब. मागून बघितलं तर दरवाजा वाटायला पाहिजे."

"दरवाजाच तो. धक्का दिला की उघडतो."

"मतलब एकदा स्वतःचं वजन वर उचलून दाखवा न."

"माझं वजन आहे, जावईबापू. तुमचं नाही, म्हणून तुम्हाला उचलतं."

हे 'जावईबापू' नुसतं टोमण्याचं नव्हतं. जगदेवरावांची धाकटी बहीण शालिनीताई जयसिंहरावांना दिलेली. माहेर आणि सासर एकाच गल्लीत, मध्ये फक्त एक हलवाई. पण पाठीचं प्रकरण इतकं तापलं की दिवाळीत भाऊबीजेला ओवाळणीचं तबक तयार असून शालिनीताईंना तो हलवाई ओलांडता आला नाही. नवरा म्हणाला, त्या नालवाल्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. भाऊ म्हणाला, त्या लोंबकळणाऱ्याच्या घरचं निरांजन मला नको.

विश्वासरावांनी दसऱ्यालाच तोड काढली होती. गल्लीत अनसूयाकाकूंचे रमाकांत आणि लक्ष्मीकांत असे दोघे जुळे मुलगे. चेहरा एक, आवाज एक, आणि पाठ दोघांनाही नाही. सदरा खुंटीला टांगलाय की अंगात घातलाय, हे जवळ गेल्यावर कळायचं. विश्वासराव म्हणाले, "सकाळी जगदेवने रमाकांतकडून नाल उचलून घ्यावा. संध्याकाळी जयसिंहने लक्ष्मीकांतला दांड्यावर घ्यावं. संक्रांतीला ज्याच्या चेल्याची पाठ भारी, त्याची गादी. निकाल नाही लागला तर मधून भिंत घाला आणि माझं डोकं सोडा." मुलांची नावं तालमीबाहेर जायची नाहीत, असाही त्यांचा हुकूम होता, नाहीतर अर्धी गल्ली एकाला तूप चारील आणि अर्धी दुसऱ्याला.

खुराक अर्थात गुरूकडून. जगदेवराव सकाळी रमाकांतला बदाम घातलेलं दूध देत. जयसिंहराव संध्याकाळी लक्ष्मीकांतला दूध-जलेबी.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. रमाकांतची कंबर भरली, लक्ष्मीकांतचे खांदे पसरले. दिवाळीनंतर मात्र विश्वासरावांची फीत वेड्यासारखी वागू लागली. सकाळी रमाकांतची पाठ मोजावी आणि संध्याकाळी लक्ष्मीकांतची, तर सुताचा फरक नाही. नाल उचलणाऱ्याचे खांदे पसरत होते, लोंबकळणाऱ्याची कंबर भरत होती. दोघे सारखेच दणकट होत चालले होते.

जगदेवराव म्हणाले, जावई त्या पोराला चोरून नाल देतो. जयसिंहराव म्हणाले, मेहुणा त्या पोराला चोरून लटकवतो. आणि दोघांनी मिळून, म्हणजे एकमेकांशी न बोलता, विटा मागवल्या.

तेव्हा शालिनीताई महिपतरावांकडे आल्या.

"काका, भिंत तालमीत होणार, पण उद्या ती घरात येईल. मग मला माहेर कुठलं? तुम्ही शोधून काढा न काही."

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," महिपतराव म्हणाले, "पण मी तुमचीच वाट बघत होतो."

"घरी दुसरं कुणी येतच नाही," लीलाताई चुलीपासून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी महिपतराव भिंग घेऊन तालमीत हजर झाले. पहिला संशय फितीवर. कापडी फीत थंडीत आखडते, हा त्यांचा सिद्धांत. खात्री करायला त्यांनी ती घरी नेऊन जेवणाआधी आणि जेवणानंतर स्वतःच्या पोटाला लावली, आणि फीत जेवणानंतर आखूड होते असा शोध लावला. विश्वासरावांनी फीत परत मागून घेतली.

दुसरा संशय नालावर. दगड आतून पोकळ असणार. "पोकळ वस्तू उचलल्याशिवाय कळत नाही," असं म्हणून त्यांनी मूठ धरली आणि झटका दिला. नाल जागचा हलला नाही. महिपतराव मात्र हलले, आणि ज्या अवस्थेत वाकले होते त्याच अवस्थेत पुढचा आठवडा राहिले. बाड्याच्या चौकात कुणी विचारलं तर सांगत, "जमिनीवरच्या खुणा बघतोय."

लीलाताईंनी शेकायला गरम विटा दिल्या. त्या भिंतीसाठी आलेल्याच होत्या.

कंबर थोडी सैल झाल्यावर त्यांनी दांडा तपासायला घेतला. त्याला तेल लावलंय का, हे पाहण्यासाठी स्टुलावर चढून त्यांनी दांडा घट्ट धरला, आणि स्टूल गेलं. वर जाता येईना आणि खाली बघवेना. जयसिंहराव तेव्हा हलवायाकडे जलेबी आणायला गेले होते. महिपतराव लोंबकळत विचार करत राहिले. शेवटी एका पोरानं मागून येऊन त्यांना कडेवर घेतल्यासारखं उतरवलं.

"कोण तू?" महिपतरावांनी विचारलं.

"जी... लक्ष्मीकांत."

"सकाळवाला की संध्याकाळवाला?"

पोरानं आभाळाकडे पाहिलं. "आता संध्याकाळ आहे न, काका."

उत्तर अचूक होतं. महिपतरावांनी त्याला संशयितांतून वगळलं.

पण भिंगाला एक गोष्ट दिसली. लक्ष्मीकांतच्या उजव्या खांद्याच्या फऱ्यावर ताजं खरचटलेलं होतं; खांबाला घासलो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांत नाल उचलायला वाकला, तर त्याच्याही उजव्या फऱ्यावर, त्याच आकाराचं, तसंच खरचटलेलं. महिपतरावांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"हे कसं झालं रे?"

"कळलं नाही बुवा," रमाकांत म्हणाला आणि बदामाचं दूध एका दमात प्याला.

त्या दुपारी महिपतरावांनी लीलाताईंना उलगडा केला. "जुळ्यांच्या पाठी आतून जोडलेल्या असतात. एकाला खरचटलं की दुसऱ्याला उमटतं. एकानं नाल उचलला की दुसऱ्याची कंबर भरते. पाणी जसं दोन हौदांत एका पातळीला येतं, तशी ताकद. शास्त्र आहे हे."

"मग एकाला जेवू घातलं की दुसऱ्याचं पोट भरतं?"

"भरत असणार."

"हे तुम्ही पलीकडच्या सखारामपंतांशी जुळवून घ्या. मी एकच ताट वाढत जाईन, त्यांच्याकडे."

लीलाताईंना शास्त्र पटलं नाही, तेव्हा महिपतरावांनी राजकारण काढलं. यामागे भोपाळ आहे. राजधानी नेली, कचेऱ्या नेल्या, आता ग्वाल्हेरची पाठ न्यायची. तालमीत भिंत पडली की दोन्ही बाजू कमजोर, आणि मग भोपाळचे पहलवान येऊन कुस्त्या मारणार. दोन दिवस ते स्टेशनावर भोपाळच्या गाडीतून उतरणाऱ्या रुंद माणसांवर पाळत ठेवून बसले. एक रुंद माणूस उतरला. तो बिडला नगरच्या गिरणीतला मास्तर निघाला आणि त्यानं महिपतरावांकडूनच आपली पेटी तांग्यापर्यंत नेववली.

संक्रांत उद्यावर आली. दोघा भावांना एकदा समोरासमोर उभं करून जबानी घ्यावी, हे त्यांना तेव्हा सुचलं. संध्याकाळी ते तालमीत गेले. पोरगा दांड्यावरून उतरत होता.

"भावाला बोलाव. दोघं एकदम पाहिजेत."

"आत्ता आणतो. तुम्ही बसा न काका, जलेबी घ्या."

पोरगा गेला. महिपतरावांनी जलेबी घेतली. थोड्या वेळानं टोपी घालून तोच चेहरा परत आला, म्हणाला, "मी रमाकांत. लक्ष्मी माझ्याच मागे निघालाय, तुम्हाला नाही दिसला?" आणि लक्ष्मीला बघायला बाहेर गेला. मग टोपी न घातलेला चेहरा आला, रमाकांतला बघायला गेला. असं बराच वेळ चाललं. जलेबी गरम होती, तालमीतली माती मऊ होती, आणि महिपतरावांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्यांना कुणीतरी पाठुंगळीला मारून घरी नेत होतं. पाठ भक्कम होती, एवढं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

संक्रांतीला तालीम भरली. विश्वासराव बाजेवर टेकून बसलेले. एका बाजूला नाल आणि जगदेवराव, दुसऱ्या बाजूला दांडा आणि जयसिंहराव, मधल्या जागेत चुन्याची रेघ आणि गवंडी. पोरगा एकटाच आला होता. भाऊ कपडे करतोय म्हणाला. बायकांना तालमीत पाऊल टाकायची परवानगी नाही, पण तीळगूळ द्यायला उंबऱ्याबाहेर उभं राहायला कुणी हरकत घेत नसे. शालिनीताई तिथे डबा घेऊन उभ्या होत्या. डब्याचं झाकण त्यांनी अजून उघडलं नव्हतं.

"बोला, महिपतराव," विश्वासराव म्हणाले. "चोरी कुणाची? जगदेवची की जयसिंहची? नसेल सांगता येत तर गवंड्याचा दिवस फुकट नको जायला."

महिपतराव उठले. कमरेनं परवानगी दिली तेवढे उठले.

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," ते म्हणाले, "पण चोरी कुणाचीच नाही. नाल निर्दोष, दांडा निर्दोष. या दोन पाठी आतून एक आहेत."

"म्हणजे काय, बाबा?" जगदेवराव म्हणाले.

"जुळ्यांचं शास्त्र. तुमचा नाल याला लागतो आणि यांचा दांडा त्याला लागतो. तुलनाच होत नाही."

"झालं मग," जयसिंहराव म्हणाले. "निकाल नाही. भिंत घाला."

"घाला," जगदेवराव म्हणाले. किती महिन्यांनी दोघांचं एकमत झालं होतं. गवंड्यानं ओळंबा काढला.

महिपतरावांना एकदम जाणवलं की आपली केस मातीत चालली आहे. पुरावा मागितल्यासारखं सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी छाती काढली.

"हे मी हवेत नाही बोलत. कालच संध्याकाळी, इथेच, या मारुतीसमोर, रमाकांत आणि लक्ष्मीकांत या दोघांना शेजारी शेजारी उभं करून मी माझ्या हातांनी दोन्ही पाठी चाचपल्या. एकदम सारख्या. दोघांनी एका सुरात जबानी दिली."

पोरानं मान खाली घातली. ती खाली जाताना त्याची पाठ सगळ्या तालमीला दिसली: वरून दरवाजासारखी पसरलेली, खाली खांबासारखी भरलेली.

उंबऱ्यापाशी डब्याचं झाकण वाजलं.

"महिपतकाका," शालिनीताई म्हणाल्या, "काल तुम्ही दोघांना शेजारी शेजारी कसं उभं केलंत? लक्ष्मीकांत दिवाळीच्या आधीच त्याच्या नोकरीच्या कचेरीबरोबर भोपाळला गेलाय. अनसूयाकाकू रोज माझ्याकडे येऊन रडतात, त्याला तिकडे धड वरण-भात मिळत नाही म्हणून. आणि हा रमाकांत घरी जेवतच नाही म्हणून पण रडतात. दोन वेळा दूध मिळाल्यावर कशाला जेवेल तो? दादा, अहो, ही एकच पाठ आहे. सकाळी नाल, संध्याकाळी दांडा, तुम्ही दोघांनी मिळून केलेली. आता हिच्यात तुमची कुठली आणि ह्यांची कुठली, ते बघा, आणि गवंड्याला सांगा कुठून भिंत घालायची ते. नाही जमलं तर मी तबक घेऊन येते, दादा. भाऊबीज राहिलीय."