बव्हेरियातला निळा ठिपका

स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने चालायचं असेल, तर माणसाला भक्कम मार्गदर्शन लागतं. जगाला हे अजून पटायचंय; शारजातल्या आमच्या अल नहदा वस्तीला केव्हाच पटलेलं आहे. इथे चालण्याची गरजच उरलेली नाही. खालच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडीसुद्धा घरपोच वर येते. समोरच्या टॉवरमधल्या बहिणीकडे लोक गाडीने जातात, आणि पार्किंग न मिळाल्यामुळे गाडीनेच परत येतात.

अशा सुधारलेल्या वस्तीतून आमच्या शेजारच्या कुलसुमभाभी बव्हेरियातल्या एका तटबंदीच्या जुन्या गावी गेल्या. लेक हिबा कंपनीच्या कॉन्फरन्सला निघाली होती, तिने आईला सोबत नेलं. हिबा दिवसभर मीटिंगमध्ये. भाभींच्या हाती एक अख्खा दिवस आणि गावाचा नकाशा: एकोणीस ठिकाणं, गाइड नाही, आपापलं चालत बघा. लग्नानंतर भाभी रस्त्याने एकट्या अशा कधी चाललेल्याच नव्हत्या. "हा एक दिवस माझा," असं त्या निघताना नवऱ्याला म्हणाल्या. शौकतभाईंनी ते मन लावून ऐकलं आणि त्याच संध्याकाळी समिती नेमली.

अध्यक्ष शौकतभाई (रजा नामंजूर). जर्मनीतज्ज्ञ प्रकाश (फ्रँकफर्टला एकदा विमान बदललं होतं). तांत्रिक सल्लागार खैरुद्दीन (जर्मन गाड्यांचे ब्रेक विकतो). सचिव मी (टीव्ही मोठा).

इथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, म्हणून मार्गदर्शन व्हॉइस नोटने. आणि भाभींचं लाइव्ह लोकेशन, म्हणजे एक निळा ठिपका, माझ्या टीव्हीवर. नियम दोनच. ज्याच्या पाटीचा फोटो आला नाही, ते ठिकाण पाहिलेलं धरलं जाणार नाही. दोन ठिकाणांच्या मध्ये काही आवडणार असल्यास आधी कळवावं.

गाव आम्ही उपग्रहावरून पाहून ठेवलं असल्यामुळे सगळी छपरं तोंडपाठ होती. भाभी खालून बघत होत्या, त्यामुळे त्यांचा वारंवार गोंधळ होई. तो आम्ही वारंवार दूर केला. मग सहाव्या ठिकाणी, चर्चपाशी, ठिपका थांबला तो थांबलाच.

"कुलसुम, यल्ला, चल. ठिपका हलत नाय," शौकतभाई म्हणाले.

"ठिपका बाकड्यावर बसलाय. केक खातोय," भाभींचा आवाज आला.

"केक नकाशात नाय."

"मग नकाशाला नका देऊ."

प्रकाशने फोन घेतला. "वहिनी, जर्मन लोक वेळेचे पक्के. सात नंबर बंद होईल."

"प्रकाशभाऊ, सात नंबर पूल आहे."

(हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

यानंतर भाभींकडून उत्तरच येईना. शौकतभाई मला हळूच म्हणाले, "हरवली तर मी काय करू?" हा विषय अजेंड्यावर नसल्यामुळे पुढे ढकलला.

आणि ठिपका निघाला. सात, आठ, नऊ, समितीने आखलेल्या क्रमाने, कुठेही न रेंगाळता. एकोणीस झाल्यावर पुन्हा एकपासून. "भाभी रिव्हिजन करतायत," खैरुद्दीन म्हणाला. तिसऱ्या फेरीला शौकतभाईंचे डोळे पाणावले. "समजावून सांगितलं की ऐकते." केकनंतरची आमची एकही नोट तिकडे उघडली गेली नव्हती, पण आज्ञाधारक माणसाला सूचना ऐकाव्या लागत नाहीत.

संध्याकाळी हिबाचा मेसेज आला. "अब्बा, दॅट्स नॉट ममा. दॅट्स द टूरिस्ट ट्रेन." पर्यटकांना गावभर फिरवणारी, रुळांशिवाय रस्त्यावरून धावणारी छोटी आगगाडी असते. भाभींनी फोन तिच्या ड्रायव्हरकडे सांभाळायला दिला होता.

भाभी घरी परतल्या. "होतीस कुठे?" शौकतभाईंनी विचारलं.

"चालत होते," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

समितीला हे उत्तर अपुरं वाटतं. चौकशी चालू आहे. सभ्य वाचकांना अशा भोचकपणाची चीड येईल, हे मान्य. मात्र त्या दुपारी भाभी नेमक्या कुठे गेल्या, हे निदान शेवटच्या ओळीत तरी कळेल म्हणून आपण इथवर आला असाल, तर अभिनंदन. आपली समितीवर नेमणूक झाली आहे. या. सोफ्यावर आम्ही जरा सरकून बसतो.