घडवणाऱ्याचं नाव

नागपूरच्या महाल भागातल्या गुलाबरावांच्या फोटो स्टुडिओत चौकातल्या विणकर बाईच्या पुतळ्याचा फोटो विकत मिळायचा. पण त्याआधी परीक्षा द्यावी लागे.

"पुतळा कोणी घडवला?"

उत्तर आलं नाही, की गुलाबराव फोटो परत खोक्यात ठेवत. "मंग चौकात जाऊन फुकट पाहा. फोटो नाही भेटत."

हे उत्तर कुणाला येणार? चौथऱ्यावर उद्घाटक, अध्यक्ष, खजिनदार, झालंच तर सिमेंट पुरवणारा ठेकेदार, सगळ्यांची नावं होती. घडवणाऱ्याचं तेवढं नव्हतं. गुलाबरावांनी पाथरवटांना विचारत विचारत ते शोधून काढलं होतं. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे ते स्वतः लिहीत: 'सखाराम मूर्तिकार, सावनेर'. कुणी नाव विचारलंच तर सांगत, पण मग गिऱ्हाइकाला ते म्हणून दाखवावं लागे. एका हेडमास्तरांनी चुकून 'शांताराम' म्हटलं, तर त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

मी त्यांचा शेजारी. सत्तरच्या दशकातली गोष्ट, माझी वकिली नुकतीच सुरू झाली होती. दिवाळीच्या तोंडावर गुलाबराव एक कॅलेंडर घेऊन धापा टाकत आले. एका छापखान्यानं त्यांचाच फोटो न विचारता छापला होता. खाली कुणाचंच नाव नव्हतं.

"वकीलसाहेब, नोटीस लिहा. मूर्तिकाराचा हक्क मारला."

मी कायद्याचं पुस्तक काढलं. "गुलाबराव, सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या पुतळ्याचा फोटो कुणीही काढावा, छापावा. मूर्तिकाराची परवानगी लागत नाही."

त्यांचा चेहरा पडला. "काहून?"

"कायदाच तसा आहे. पण फोटो तुमचा. तो छापायला तुमची परवानगी हवी होती."

"बस! झालं तर मंग!" गुलाबराव ताडकन उठले.

नोटीस वाचून छापखान्याचे मालक नरमले. मोबदला देतो म्हणाले, गुलाबरावांचं नावही टाकतो म्हणाले.

"मले माझं नाव नको. परवानगी देतो, पण मूर्तिकाराचं नाव टाका. मोठ्या अक्षरात."

"त्यात तुमचा काय फायदा?"

"मी नुसता फोटो काढला, जी. दगड त्यानं फोडला."

उरलेल्या सगळ्या कॅलेंडरांवर नावाची पट्टी चिकटली. पहिलं कॅलेंडर आणि आपला जुना तिपाईचा कॅमेरा घेऊन गुलाबराव सावनेरच्या एस.टी.त बसले. सोबतीला मी.

सखारामबाबा अंगणात खाटेवर बसले होते. ज्यांच्यापुढे हेडमास्तर चळाचळा कापले, ते गुलाबराव हात जोडून उभे राहिले.

"बाबा, इतकी वर्षं तुमच्या पुतळ्याचे फोटो काढले, विकले. तुमाले विचारलं नाही. माफी द्या."

म्हातारा मनापासून हसला. "अरे, लोकायनं पाहावं म्हणूनच चौकात उभी केली ना गा! एवढ्यासाठी नागपूरहून आला?"

सुनेनं कॅलेंडरवरचं नाव वाचलं. "बाबा, हे तुमी घडवलं? कधी बोलले नाही!"

"कोणी विचारलंच नाही वं."

तिनं दारासमोरच्या भिंतीला खिळा ठोकला, कॅलेंडर टांगलं आणि कुंपणावरून हाक दिली, "या वं सगळ्या! आमच्या बाबायनं काय घडवलं ते पाहा!" बायका जमल्या. बाबांनी टोपी नीट केली, पाठ ताठ केली.

त्यांचा फोटो घ्यायला गुलाबराव कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात.

"गुलाबराव?"

"थांबा जी," नाक ओढत ते आतूनच म्हणाले. "फोकस लावून राहिलो."

मी कॅमेऱ्याच्या पुढे गेलो. भिंगावरचं झाकण अजून काढलेलंच नव्हतं.