सम तारखेची बासरी

ताईच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. ही माझी मोठी बहीण. ज्येष्ठांचा गायनवृंद चालवते. पत्र अगदी थोडक्यात होतं : 'आमच्या कार्यक्रमात बारा गाण्यांना साथ करशील का? फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर दुसरा वादक बघेन.'

हो म्हणायची फार इच्छा होती! पण मी निवृत्त ग्रंथपाल. चारचौघांत शिंकायलासुद्धा मला धीर गोळा करावा लागतो. म्हणून ठरवलं, आधी बाराही गाणी तयार करायची, मगच होकार कळवायचा.

"आठ दिवसांचं काम!" मी बायकोला ऐटीत सांगितलं.

"मी सोळा धरते," ती म्हणाली.

माझा कीबोर्ड संगणकाला जोडलेला आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्यासाठी कोणती वाद्यं वाजवायची ते आधी ठरवून ठेवता येतं. सगळं काम बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर राहतं. साबणाच्या वडीएवढी डबी, पण तिच्यात अख्खा वाद्यवृंद मावतो!

अकरा तारखेला मी पाचव्या गाण्यात व्हायोलिन घातलं. बाराला उघडतो तर व्हायोलिन गायब! म्हटलं, आपण सेव्ह करायला विसरलो असू. मग तिथं बासरी घातली. तेराला बासरी गायब आणि व्हायोलिन हजर! चौदाला पुन्हा बासरी. एक दिवसाआड थंडी वाजून येणाऱ्या तापासारखा प्रकार!

सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. वायर बदलली. संगणकासमोर क्षणभर हातही जोडले. काही उपयोग नाही. यंत्र ठीक असेल, तर बिघाड कुठं उरतो? जे मी केलंच नाही ते केल्याचं मला आठवतंय की काय?

मी बायकोजवळ बसून हळूच म्हणालो, "ताईला नाही म्हणून कळवतो. माझं डोकं चालेनासं झालंय."

"अहो, माझ्या भावानं लग्नात तुम्हाला काकडीसारखा पाणचट माणूस म्हटलं होतं, ते आठवतं?"

"तारखेसकट!"

"मग डोकं शाबूत आहे. दुरुस्तीवाल्या बाईंना बोलवा."

बाई सतराला आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं झपाझप.

"काका, सेव्ह करता ना?"

"तीनतीनदा."

"एकदा पुरतं. हे बघा, मी पाचव्या गाण्यात ढोल घातला. सेव्ह केला. बंद केलं, उघडलं. आहे ढोल?"

"आहे," मी म्हणालो, "पण तो उद्या नसेल."

बाईंनी माझ्या बायकोकडं पाहिलं. बायकोनं छताकडं.

अठराला बाई पुन्हा आल्या. मी पाचवं गाणं उघडलं. ढोल नव्हता! बासरी मंजुळ वाजत होती. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली. वेडा मी एकटा नव्हतो!

बाई खुर्ची ओढून बसल्या. डिस्क उलटसुलट करून पाहिली. तळाशी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'प्रत दुसरी'.

"काका, काल हीच डिस्क जोडली होती?"

"छे! काल विषम तारीख होती ना? विषमला पहिली प्रत, समला दुसरी."

बाईंनी डिस्क अलगद टेबलावर ठेवली.

"का?" बाईंनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. ग्रंथालयात शब्दकोशाच्या दोन प्रती होत्या. एकच वापरली तर तिची बांधणी खिळखिळी होते, म्हणून मी त्या आलटूनपालटून बाहेर ठेवायचो. दोन्ही सारख्याच झिजल्या! तशीच मी पहिली डिस्क दुसरीवर उतरवून घेतली होती, आणि–

"आणि नंतर एकीत व्हायोलिन लिहिलंत, दुसरीत बासरी," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं मी लोकांना बजावत आलो, की पुस्तकात काही लिहू नका. त्यामुळे एका प्रतीत लिहिलेलं दुसरीत उमटत नाही, हे कळायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती!

बाईंनी बायकोला विचारलं, "काकू, कुठली ठेवू?"

"बासरी. ते व्हायोलिन दार करकरल्यासारखं वाजतं."

बाईंनी सम तारखेची प्रत कायम केली. मी दोन दिवसांत बाराही गाणी पुरी केली आणि वीस तारखेला ताईला उत्तर लिहायला बसलो. सहा पानं झाली. दोन प्रती, सम-विषम, बासरी, शब्दकोशाची बांधणी, सगळं तपशीलवार. उशीर का झाला ते तिला नीट कळायला नको?

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत जाड लिफाफा टाकला. तो आत धप्पकन पडला. केवढं हायसं वाटलं!

सोबत आलेली बायको म्हणाली, "चला, सुटलात. साथीला येतो, हे लिहिलंत ना?"

मी वाकून पेटीच्या फटीतून आत पाहिलं.