मर्व्हिन क्लासनचा मोकळा श्वास

एकवीसपैकी एकोणीस रात्री सरल्या होत्या आणि मर्व्हिन क्लासन अजून हरला नव्हता, याचं त्याच्या बायकोला मनापासून वाईट वाटत होतं.

करार साधा होता. तीन आठवडे, स्कीइंगचे सात डोंगर, आणि एकही रात्र चार भिंतींच्या खोलीत काढायची नाही. जमलं, तर कॅनडाच्या सपाट सस्कॅचेवान प्रांतातलं, स्विफ्ट करंट गावचं घर शेजाऱ्याच्या पुतण्याला विकायचं आणि उरलेलं आयुष्य व्हॅनमध्ये काढायचं. एक रात्र जरी पक्क्या छपराखाली झोपले, तर व्हॅन विकायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. आर्लीनने हा करार हसत मान्य केला होता. मर्व्हिन तिसऱ्या रात्रीच हॉटेल शोधेल असा तिचा हिशेब होता. चौतीस वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याच्या हट्टाचा अंदाज चुकावा, यात दोष तिचाच.

मर्व्हिनने एकतीस वर्षं ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडांना लाडावून ठेवतात. हा मात्र फोनवर व्हॅनमध्ये राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसला. ते सगळे पंचविशीतले, सडपातळ आणि उठल्याउठल्या हसणारे. मर्व्हिन बासष्टचा, पोट सुटलेला, आणि दुसरी कॉफी होईपर्यंत कुणाशी न बोलणारा. पण आपल्यात आणि त्यांच्यात फरक फक्त व्हॅनचा आहे, अशी त्याची समजूत झाली. मग कुरिअर कंपनीची एक जुनी व्हॅन आली. उन्हाळाभर ठोकाठोक करून त्याने तिच्यात पलंग, शेगडी, आणि पडद्यामागे एक छोटासा संडास बसवला. बाहेरून निळ्या अक्षरांत नाव रंगवलं : 'मोकळा श्वास'.

हा मोकळा श्वास रात्रभर छताला गोठायचा आणि सकाळी शेगडी पेटवली की दोघांच्या तोंडावर ठिबकायचा. स्कीचे बूट गारठू नयेत म्हणून पांघरुणात घ्यावे लागत. टूथपेस्ट काखेत धरून मऊ करावी लागे. आर्लीनला घरचा टब आठवायचा. दर रविवारी संध्याकाळी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून ती एखादी जाडजूड खुनाची कादंबरी वाचायची. हल्ली त्या कादंबऱ्यांतला खुनी तिला बराच समजूतदार वाटू लागला होता.

सातवा डोंगर टिमन्स रिज. गावकऱ्यांनीच चालवलेला, स्कीवाल्यांना वर नेणारी एक जुनी लिफ्ट, एक लाकडी लॉज. दुपारी तीनला व्हॅन लॉजच्या भिंतीलगत उभी राहिली आणि मर्व्हिन केशरी वायर घेऊन खाली उतरला.

"आता काय?" आर्लीनने विचारलं.

"इंजिनाच्या हीटरला वीज लावतोय. रात्रीत गारठायला नको."

"मर्व्ह, उणे सहा आहे फक्त! घरी उणे वीसपर्यंत तू शर्टावर फिरतोस."

"हिवाळ्यात गाडी उभी केली की वायर लावायची. माझ्या बापाने लावली, त्याच्या बापाने..."

"त्याच्या बापाकडे घोडा होता."

मर्व्हिनने लक्ष दिलं नाही. सस्कॅचेवानचा माणूस थंडीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, त्यातून डोंगरातल्या लोकांचं तर नाहीच. त्यांची थंडी त्याला थंडीच वाटत नाही. भिंतीवर एकच सॉकेट होतं आणि त्यात एक काळी वायर आधीच खुपसलेली होती. तिचं दुसरं टोक बर्फात कुठेतरी गेलं होतं.

"ती कशाची आहे बघ तरी," आर्लीन म्हणाली.

"नाताळची रोषणाई असणार. फेब्रुवारी उजाडला तरी काढलेली नाही. आळशी लोक!" असं म्हणत त्याने काळी वायर उपटली, बर्फात भिरकावली आणि स्वतःची लावली. चष्म्यावर वाफ धरली होती, पण वाफ नसती तरी त्याने काही वाचलं असतं असं नाही. आर्लीन तिथे जराशी रेंगाळली, वाकली, आणि मग आत गेली.

रात्रीत पारा उणे बावीसवर उतरला आणि वीतभर बर्फ पडला. ताजा, कोरडा, भुसभुशीत. ज्या बर्फासाठी माणसं नोकरीवर खोटं बोलतात, तसला. त्या दिवशी टिमन्स रिजची वार्षिक आजी-आजोबा शर्यत होती. नऊच्या आत दीडशे माणसं नातवंडांसकट हजर झाली. आर्लीन डोंगराच्या कुशीतल्या गावात वाढलेली. तिने स्की कधी चढवल्या हे मर्व्हिनला कळलंसुद्धा नाही. तो बूट आवळत होता, तेवढ्यात लॉजमधून पॉली चेर्नोफ बाहेर आल्या.

पॉलीबाई चौऱ्याहत्तरच्या. क्लबच्या अध्यक्ष त्याच, तिकिटं फाडणार त्याच, आणि शर्यतीच्या दिवशी भलंमोठं पातेलं भरून बोर्श शिजवणारही त्याच. कोबी, बटाटे, साय आणि मूठभर लोणी घातलेलं ते सूप प्यायला लोक तासभर गाडी हाकत यायचे.

"मंडळी!" बाई ओरडल्या. "संडासाचा पाइप गोठलाय. आतलं आत तुंबलंय. कुणी जाऊ नका."

दीडशे माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"तीस वर्षांत असं झालं नाही," बाई म्हणाल्या. "पाइपभोवती तापवायची वायर गुंडाळलीय. भिंतीत लावलेली असते कायम. जळली की काय बघते."

आयुष्यात मर्व्हिन इतक्या चपळाईने कधी हलला नव्हता. पॉलीबाई पायऱ्या उतरून वळसा घालून येईपर्यंत त्याने भिंत गाठली, केशरी वायर उपटून खाली टाकली, बर्फातून काळी वायर उकरली, जागेवर खुपसली आणि शेजारी उभा राहून डोंगराकडे बघत शीळ घालू लागला.

बाई आल्या. त्यांनी वायर बघितली. मग मर्व्हिनकडे बघितलं.

"लागलेली तर आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हिला एक पाटी होती अडकवलेली. कुठे गेली कोण जाणे."

"वारा!" मर्व्हिन म्हणाला. "काल भयंकर वारा होता."

"असेल. पाइप सुटायला आता संध्याकाळ होणार. आणि गाव पडलं पंचवीस किलोमीटरवर." बाईंनी सुस्कारा सोडला. "शर्यत रद्द करावी लागणार. पोरांना नाही सांगायचं कसं?" मग त्यांची नजर व्हॅनवर गेली. "काल संध्याकाळी तूच ना रे सांगत होतास, तुझ्या गाडीत सगळं आहे म्हणून?"

सांगितलं होतं खरं. काल लॉजमध्ये भेटेल त्या प्रत्येकाला पकडून त्याने व्हॅनचं कौतुक ऐकवलं होतं. पाणी, वीज, शेगडी, आणि "संडाससुद्धा, बरं का! आम्हाला जगात कुणाची गरज नाही." आता जगालाच त्याची गरज पडली होती, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

साडेनऊला 'मोकळा श्वास'समोर रांग लागली. पहिल्यांदा एक आजीबाई, मग त्यांची तीन नातवंडं, मग एका अख्ख्या कुटुंबाने पलंगावर ओले बूट ठेवून एकमेकांचे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे कपडे सोडवले.

"छान केलीय हो गाडी," पडद्याआडून एक आवाज आला. "कागद संपलाय!"

मर्व्हिनच्या त्या संडासाखाली सुटकेसएवढी टाकी होती. दोन माणसांना तीन दिवस पुरेल अशी. चाळिसाव्या माणसाला ती भरली. ती उचलून, दोनशे पावलं बर्फ तुडवत, लॉजमागच्या मोठ्या टाकीत रिकामी करून यायचं काम अर्थातच मालकाचं. पहिली खेप झाली तेव्हा आर्लीन पहिल्यांदा वरून घसरत खाली आली. गाल लाल, टोपीवर बर्फ.

"मर्व्ह, गुडघाभर आहे वरती! चल ना!"

"कसा येऊ?" मर्व्हिन टाकी सावरत म्हणाला.

"अरे हो. तुझी गाडी." आणि ती पुन्हा वर गेली.

अकराला पॉलीबाईंनी बोर्श वाढायला घेतलं. पहिलं पातेलं संपताच बाईंनी दुसरं चढवलं आणि सगळे दोन-दोन वाडगे प्यायले. बाराला रांग लॉजच्या पायऱ्यांपर्यंत गेली. मर्व्हिनच्या खेपा सुरू राहिल्या. तिसरी, चौथी. चौथ्या खेपेला तो घसरला. टाकीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि त्याचा नवा कोरा स्कीचा कोट त्याने लॉजच्या शेगडीत टाकला. पाचव्या खेपेपासून लोक त्याला आपणहून वाट देऊ लागले. दिवसभर त्या बर्फावरून सगळ्यांचे आजी-आजोबा घसरत, किंचाळत, हसत गेले. तो एकटा स्कीचे बूट घालून सपाट जमिनीवर चालत राहिला. सपाट मुलखातून आलेल्या माणसाला तक्रार करायला जागा नव्हती.

तीन वाजता बक्षीस समारंभ झाला. साठीवरच्या बायकांच्या शर्यतीत आर्लीन पहिली आली होती. मग पॉलीबाईंनी मर्व्हिनला पुढे बोलावलं.

"हा माणूस नसता तर आजचा दिवस फुकट गेला असता," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. "मर्व्हिन, आज तुम्ही दोघं माझ्या घरी झोपायचं. गरम पाणी आहे, मऊ गादी आहे."

मर्व्हिनचे डोळे क्षणभर पाणावले. पण हट्ट हट्टच. "आभार, पॉलीबाई. पण आमची आज शेवटची रात्र आहे. व्हॅनमध्येच काढणार."

"त्या वासात?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"कोणताही वास सकाळपर्यंत जातो!"

एवढं होऊनसुद्धा आर्लीनचं घर जाणार होतं. तिने शांतपणे खिशात हात घातला आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्यालाच दिसेल अशी एक प्लॅस्टिकची पाटी बाहेर काढली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'संडासाची वायर. उपटू नये. कुणीही. पाहुण्यांनी तर मुळीच नाही. – पॉली.'

"वाचून दाखवू का सगळ्यांना?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"तुझ्याकडे कालपासून होती?" मर्व्हिन कुजबुजला.

"मी विचारलं होतं तुला, कशाची आहे बघ म्हणून. तूच सांगितलंस, नाताळची."

दीडशे माणसं वाट बघत होती. मर्व्हिनने घसा खाकरला. "विचार बदललाय. आम्ही पॉलीबाईंकडे जातो. आणि व्हॅन... व्हॅन विकायची आहे."

"कितीला?" मागून कुणीतरी ओरडलं.

आर्लीनने पाटी बोटभर वर उचलली.

"क्लबला देणगी!" मर्व्हिन ओरडला. त्यावर ज्या टाळ्या पडल्या तेवढ्या शर्यतीतल्या विजेत्यांनासुद्धा मिळाल्या नव्हत्या. काहींनी तर लगेच रांग धरली.

त्या संध्याकाळी पॉलीबाईंच्या टबमध्ये आर्लीन दीड तास बसली. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसला वेळ होता, म्हणून ती बाईंबरोबर लॉजवर गेली. मर्व्हिन थांब्यावर सामानाजवळ बसून राहिला. सॉकेटपाशी येऊन आर्लीनने खिशातली पाटी काढली आणि मान खाली घालून काळ्या वायरला परत अडकवली.

"माफ करा, पॉलीबाई. मी कालच सांगायला हवं होतं."

"मला काल सकाळीच कळलं," पॉलीबाई म्हणाल्या. "रात्रभर वीतभर बर्फ पडला, आणि माझ्या सॉकेटवर कणभर नाही. वर तुझ्या नवऱ्याची केशरी वायर थेट व्हॅनच्या नाकापर्यंत. ती उचलायचं त्याला सुचलंच नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चौदा वर्षं झाली, मी कमिटीकडे दुसरा संडास मागतेय," पॉलीबाई व्हॅनच्या निळ्या अक्षरांकडे प्रेमाने बघत म्हणाल्या. "बोर्शचं दुसरं पातेलं मी उगाच नव्हतं चढवलं."