शुक्रवारी आलेला शनिवार

"सातासमुद्रापलीकडे शनीचं काही चालत नाही," असं गिरजाबाई परभणीहून निघताना चार बायकांत ठणकावून सांगून आल्या होत्या. मुलाच्या, संजीवच्या साडेसातीचे तीनच महिने उरले होते. अमेरिकेत तेवढे सहज निघून जातील, असा त्यांचा होरा. पण सोमवारी त्याच्या ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू होता. साहेब नाही म्हणाला, तर नोकरी, घर सगळं सोडून परत. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

शुक्रवारी सूर्य साडेचारलाच बुडाला. मुलगा-सून ऑफिसात. दारावर टकटक झाली. बेल समोरच होती, पण आलेल्यानं तिला बोट लावलं नाही. बाईंनी दार उघडलं. काळा कोट, काळी हॅट, छातीपर्यंत दाढी. मागे बर्फात पावलं उमटलेली. एक नीट, एक फरफटलेलं.

शनी एका पायानं लंगडतो, हे बाईंना लहानपणापासून ठाऊक.

"माय हाउस इज व्हेरी डार्क," तो हळूच म्हणाला.

हाउस कळलं, डार्क कळलं. 'माय' तर आपलाच शब्द. माय, तुझं घर अंधारात! बाईंच्या अंगावर काटा आला. तरी धीर करून त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "टुडे फ्रायडे. यू, टुमारो."

म्हाताऱ्यानं मावळतीकडे हात केला. "नो. सन गॉन. नाउ सॅटरडे."

आपला वार उजाडल्यावर लागतो. याचा अंधार पडल्याबरोबर लागला होता. तेवढीही कळ काढवली नाही मेल्याला, असं मनात आलं मात्र, बाईंनी घाईघाईनं गालांवर मारून घेतलं.

मग त्या आत धावल्या. मक्याचं तर मक्याचं, तेलाची आख्खी बाटली आणून त्याच्या काळ्या बुटांवर धार धरली. "देवा, माय म्हणालास ना? सोमवारपर्यंत पोराला सोड."

म्हातारा बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "स्टिल व्हेरी डार्क."

म्हणजे तेल पोचलं नाही! तेवढ्यात संजीवची गाडी आली. आईचे जोडलेले हात बघून तो पळत पायरीवर चढला आणि तेलावरून जो घसरला, तो थेट झुडपात.

"अगं आई," तो घोटा धरून कण्हला, "हे शेजारी नवीन आलेले हॅलपर्न काका. ज्यू आहेत. त्यांचा शनिवार आज संध्याकाळीच लागतो. तेव्हा खटक्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याला 'लाव' म्हणायचंही नाही. आपणच ओळखायचं. त्यांची लाइट गेलीय."

बाई एकट्याच गेल्या. आत दोन मेणबत्त्या, आणि टेबलाशी न हलता बसलेली एक म्हातारी. तळघरातला खटका वर करेपर्यंत बाईंनी रामरक्षा दोनदा म्हटली.

"देवानं सहा दिवसांत जग केलं," बाई परतल्यावर संजीव घोट्यावर बर्फ धरून सांगत होता, "सातव्या दिवशी विश्रांती घेतली. म्हणून हे काम करत नाहीत."

"विश्रांती?" बाई म्हणाल्या. "आमचा तर नेमका त्याच दिवशी कामाला लागतो."

सोमवारी संजीव लंगडतच इंटरव्ह्यूला गेला. साहेबानं उठून त्याला खुर्ची दिली आणि पाच मिनिटांत हो म्हणाला. बाईंनी परभणीला पत्र टाकलं: शनी इथंही येतो, पण माणूस चांगला आहे.

पुढच्या शुक्रवारी अंधार पडता पडता पुन्हा टकटक झाली. बाईंनी कृतज्ञतेनं बाटली उचलूनच दार उघडलं.

हॅलपर्न काका पायरीपासून दहा फूट लांब उभे होते. "माय हाउस," ते म्हणाले, आणि बाटली बघून आणखी दोन पावलं मागे सरले. आज त्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट होते.